उणे पाच

सावद्यात केळीला तेरा अंश लागतात.
बेंडाळे मॅडमना उणे पाच.
मधले अठरा माझ्याकडे.
मी तोताराम वारके, बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसरवाला,
एकोणतीस वर्षं अमोनिया हुंगलेला.

बाहेर रात्री नऊलाही लोखंडी फाटक हाताला चावतं.
आत चार पोरी कानटोप्या घालून उभ्या.
टोप्या मॅडमनीच विणल्या, एकीला लोकर पुरली नाही,
ती अर्धी निळी, अर्धी नारिंगी.

बर्फ सपाट नको, म्हणाल्या.
मला वाटलं थट्टा.
मी जन्मभर सपाटच लादी काढत आलो.
त्यांना वर पुरळ हवं होतं, पाठीवरच्या घामोळ्यासारखं.
दगड थेंबांच्या टोकांवरून जावा, पोट घासत नको.
तापीचं पाणी चालेना, क्षार राहतात.
जारचं आणलं, कोमट केलं,
केळीवर करप्याचं औषध मारायचा पंप सात वेळा धुतला,
नवं नोझल लावलं,
आणि पाठीवर घेऊन मी बर्फावर उलटा उलटा चालत गेलो,
हात डावीकडे, हात उजवीकडे.

दगड भुसावळच्या पाथरवटाने घडवले.
आधी विचारलं, जातं का?
मग तळाची खोलगट वाटी पाहिली, कडेची नखाएवढी पट्टी पाहिली,
म्हणाला, "भो, हे दळीन काय?"

नजमा तडवी ब्रश मारते.
मॅडमनी केळीचा वजनकाटा आत आणला,
ब्रश त्यावर टेकवून दाब म्हणाल्या.
सव्वीस किलो.
वीस सेकंद घासल्यावर एकोणीस.
"ताकद आहे गं, टिकत नाही. खांदा सोड. कंबर आण ब्रशवर."
नजमाला कंबर कशी आणायची ते कळेना.
दुसऱ्या दिवशी तिची आई आली, ट्रकवर घड भरणारी.
मॅडमनी तिचं चालणं मोबाइलवर घेतलं,
हळू करून, आणखी हळू करून पाहिलं.
आई म्हणाली, "मले काय पाहता बाई, घड पाहा.
घड हालला नही पाहिजे."
फळ्यावर ते वाक्य अजून आहे,
शेजारी घर्षणाचं सूत्र, अर्धवट पुसलेलं.

एकदा चहाच्या टपरीवर मॅडमनी स्टीलचा पेला उपडा केला,
गरकन फिरवून ढकलला.
डाव्या अंगाला फिरत गेला, वळला उजवीकडे.
"दगड उलटं करतो. फिरतो तिकडेच वळतो."
का? मोक्षदा फालकने विचारलं. ती कॅप्टन, तिला का लागतंच.
मॅडमनी तीन कारणं सांगितली,
तिन्हींच्या शेवटी "असं म्हणतात" जोडलं,
मग पेला सरळ करून त्यात चहा ओतला.
"नक्की माहीत नाही. अजून कोणालाच.
पण किती वळतो, ते मोजता येतं."

सत्तावीस मे. दहा चाळीसला लाइट गेली.
कॉम्प्रेसर गप्प झाला की मला माझेच कान ऐकू येतात.
मी म्हणालो, चला बाहेर, दार लावून घेऊ, बर्फ जाईल.
"जाऊ द्या. तात्या, बॅटरी धरा. मोक्षदा, टाक."
अकराला दगड चार फूट कमी गेला.
सव्वाअकराला सात.
नजमाची नाडी एकशे ब्याऐंशी, मग एकशे अठ्ठ्याऐंशी,
मग मॅडमनी तिला बसवलं आणि ब्रश स्वतः घेतला.
बारा पंचवीसचा दगड मधल्या रेघेच्या अलीकडेच बसला,
स्वतःभोवती पाण्याचं कडं करून.
कोणी काही बोललं नाही.
सगळे आकडे मी लिहिले, एका हातात बॅटरी,
सात कुठला आणि एक कुठला, मलाच लागत नाही आता.

लाइट पहाटे तीनला आली.
पोरी बारदानावर झोपलेल्या,
मॅडम भिंतीला टेकून, मांडीवर वही उघडी.
मी व्हॉल्व्ह सावकाश उघडला,
गेजचा काटा थरथरला, चढला.
या हातालाही कोणीतरी
स्टॉपवॉच लावावं, असं वाटलं उगाच.

उणे एक.
उणे दोन.
जारमध्ये पाणी किती उरलंय ते बघायला उठलो.